डॉक्टर राखून ठेवण्याची कला

पाणी, वीज, धान्य, जमीन या सगळ्यांची आपण नासाडी करतो असा आपल्यावर आरोप आहे आणि तो खोटा नाही. पण एका बाबतीत आपली काटकसर जगाने येऊन पाहावी अशी आहे. आपण डॉक्टर खर्च करत नाही, राखून ठेवतो. साडेचार वर्षे शिकवून, वर्षभर इंटर्नशिप करवून घेऊन, वैद्यक परिषदेत रीतसर नोंदणी झालेल्या चोविशी-पंचविशीतल्या धडधाकट डॉक्टरला आपण पेशंटच्या वाऱ्यालाही उभे राहू देत नाही. जिल्ह्याच्या गावी एखाद्या अभ्यासिकेत, प्लायवूडच्या दोन फळ्यांच्या मधे, महिन्याचे भाडे भरून त्याला व्यवस्थित ठेवून देतो. नीट-पीजी या पदव्युत्तर प्रवेशपरीक्षेत बरी रँक येईपर्यंत तो तिथे टिकतो. एक वर्ष, दोन वर्षे, कुणाकुणाची तिसरी वारी. या दूरदृष्टीचे कौतुक अजून कुणी मनापासून केलेले नाही, म्हणून हा प्रयत्न.

काम किरकोळ नाही, हे आधी ध्यानात घ्यावे. २०१४ साली देशात एमबीबीएसच्या ५१,३४८ जागा होत्या. दहा वर्षांत त्या १ लाख १८ हजारांच्या घरात गेल्या. फिती कापल्या गेल्या, कोनशिला बसल्या, आणि हे स्वागतार्हच आहे. पदव्युत्तर जागाही याच काळात ३१ हजारांवरून ७३ हजारांच्या आसपास पोचल्या. म्हणजे दर वर्षी जेवढे डॉक्टर घडवायला घेतो, तेवढ्यांना पुढे शिकायला जागा नाही. शिवाय गेल्या वर्षीचे आणि त्याच्या आदल्या वर्षीचे रांगेत उभे आहेतच. २०२४ च्या नीट-पीजीला सुमारे २ लाख १६ हजार डॉक्टर बसले. तिघांमागे साधारण एक जागा. उरलेल्या दोघांनी काय करायचे, याचे आपल्या धोरणातले उत्तर अगदी सुटसुटीत आहे: पुढच्या वर्षी पुन्हा बसायचे.

यावर कुणी म्हणेल, देशात डॉक्टरांचा तुटवडा आहे. असे म्हणणाऱ्यांनी संसदेतली उत्तरे वाचावीत. आपल्याकडे ८११ लोकांमागे एक डॉक्टर आहे, असे केंद्र सरकारने तिथे सांगितले आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या नावाने जो दंडक सांगितला जातो तो हजारामागे एक असा आहे, तेव्हा आपण दंडकाच्याही पुढे आहोत. हिशेबाची रीत तेवढी समजून घ्यायला हवी. ॲलोपॅथीचे नोंदणीकृत सगळे डॉक्टर घ्यायचे, त्यांत आयुर्वेद, होमिओपॅथी, युनानीचे मिळवायचे, आणि त्या सगळ्यांपैकी ८० टक्के उपलब्ध आहेत असे धरायचे. अभ्यासिकेत बसलेला आपला डॉक्टर या बेरजेत आहे. परवाना काढून परदेशी गेलेला, नाव कमी न केलेलाही असू शकेल. अभ्यासिकेतल्याने गेल्या दोन वर्षांत एकाही माणसाची नाडी धरलेली नसेल, पण कागदावर तो ८११ जणांची रोज काळजी घेतो आहे. तुटवडा मिटवण्याचा याहून स्वस्त उपाय कुठल्या देशाला सुचल्याचे आमच्या ऐकिवात नाही.

तुटवडा दिसतो असे जिथे म्हणतात, तिथेही जाऊन पाहू. सामुदायिक आरोग्य केंद्र, म्हणजे आपल्या तालुक्याचे ग्रामीण रुग्णालय. तिथे सर्जन, फिजिशियन, स्त्रीरोगतज्ज्ञ आणि बालरोगतज्ज्ञ हवेत, असा निकष आहे. केंद्राच्याच ग्रामीण आरोग्य सांख्यिकीने ३१ मार्च २०२२ ची स्थिती देताना देशभरच्या अशा केंद्रांत विशेषज्ञांची ७९.५ टक्के तूट नोंदवली: सर्जनची ८३.२, बालरोगतज्ज्ञांची ८१.६, स्त्रीरोगतज्ज्ञांची ७४.२. पाचांपैकी चार खुर्च्या रिकाम्या. पण रिकामी खुर्ची म्हणजे दुरवस्था, हा आपला पूर्वग्रह आहे. शस्त्रक्रियागृहात डोकावा. फरशी लखलखीत, टेबलावरचे प्लास्टिक अजून फाडलेले नाही, भुलीच्या यंत्रावर हिरवे कापड घडी न मोडता पांघरलेले. जिथे ऑपरेशनच होत नाही, तिथे जंतुसंसर्ग व्हायचा कुठून? बाहेर व्हरांड्यात फलक आहे: पदनाम, मंजूर, भरलेली, रिक्त. रिक्तच्या रकान्यातले आकडे खडूने नव्हे, ऑइलपेंटने रंगवलेले आहेत. त्यांत इतक्यात बदल होणार नाही, याची प्रशासनाला किती खात्री आहे, हे त्या रंगावरून कळते.

रात्री दीडला अडलेली बाई आली, तर तिची आबाळ होते असे समजू नये. ड्यूटीवरचे वैद्यकीय अधिकारी केसपेपरवर ‘पुढील उपचारासाठी जिल्हा रुग्णालय’ असे लिहितात, सिस्टर सलाइन लावून देते, १०८ ला फोन जातो. गाडी दुसऱ्या कॉलवर असेल तर नवरा गावातली जीप उठवतो. साठ-सत्तर किलोमीटरचा रस्ता. मागच्या सीटवर सासू सुनेचे डोके मांडीवर घेऊन बसते आणि दर गतिरोधकाला ड्रायव्हरला हळू म्हणते, मग लगेच लवकर म्हणते.

नेमक्या त्याच वेळी, ती जीप जिथे निघाली आहे त्या जिल्ह्याच्या गावात आपला राखीव डॉक्टर जागा असतो. लॅपटॉपवर प्रश्न उघडलेला आहे. बाळंतपणानंतर स्त्रीला जोराचा रक्तस्राव होतो आहे, गर्भाशय हाताला मऊ लागते आहे, तिला दमा आहे. खालीलपैकी कोणते औषध टाळावे? चार पर्याय. कार्बोप्रोस्टवर तो क्षणात टिचकी मारतो आणि उत्तर बरोबर असते. परीक्षेत २०० प्रश्नांना २१० मिनिटे मिळतात, तेव्हा या बाईसाठी त्याच्याकडे मिनिटभराचा वेळ होता; त्यातलाही बराचसा त्याने वाचवला. गर्भाशय हाताला मऊ लागते म्हणजे नेमके कसे लागते, हे इंटर्नशिपमध्ये स्वतःच्या हाताने पाहायचे राहून गेले, कारण ते वर्षही याच प्रश्नपेढीत गेले. पण अचूकता पाहा. पडद्यावरच्या बाईचा रक्तस्राव तो एका रात्रीत कितीदा तरी थांबवतो.

या व्यवस्थेला आपणा नागरिकांचाही मोलाचा हातभार आहे. १९४६ च्या भोर समितीने देशाला ‘मूलभूत डॉक्टर’ हवा म्हटले होते. ताप, बाळंतपण, लसीकरण, साप चावलेला माणूस, हे सगळे आपल्या हाताने निभावणारा. एमबीबीएस ही पदवी त्या माणसासाठी होती. आपण ती अशी काही जोपासली की आता ती बारावीसारखी झाली आहे: पुढच्या परीक्षेला बसायला लागते, तेवढीच. पाटीवर फक्त एमबीबीएस दिसले की आपण दोन दुकाने पुढे जातो. सर्दीला कान-नाक-घशाचा, गुडघ्याला हाडांचा, आणि कुणाकडे जावे ते कळत नसेल तर एमडी मेडिसिन. पाहुणेरावळे विचारतात, ‘डॉक्टर झालास ते ठीक, पीजीचं काय?’ मुलीला हाच प्रश्न लग्नाच्या प्रश्नाला जोडून विचारला जातो. चार वर्षे मुडदे फाडून, पुस्तकांचे ढीग उपसून, वॉर्डात रात्री काढून झालेल्या डॉक्टरला स्वतःला डॉक्टर म्हणवून घ्यायची लाज वाटावी, ही कामगिरी एकट्या सरकारला जमली नसती.

ज्यांचे बालपण तालुक्याच्या गावात गेले, त्यांना जुन्या दवाखान्यांच्या पाट्या आठवत असतील. एमबीबीएस, डीजीओ. एमबीबीएस, डीसीएच. एमबीबीएस, डीए. बाळंतपण, बालरोग, भूल, यांच्या दोन वर्षांच्या पदविका. या माणसांनी महाराष्ट्रातल्या निमशहरी प्रसूतिगृहांचा गाडा वर्षानुवर्षे ओढला. त्यांतले बरेच जण मुंबईच्या सीपीएसचे, म्हणजे कॉलेज ऑफ फिजिशियन्स अँड सर्जन्सचे; ही संस्था १९१२ ची. तिच्या पदविकांचे शिक्षण जिल्हा रुग्णालयांतही होई. म्हणजे शिकणारा डॉक्टर आणि उपचार हवा असलेला रुग्ण एकाच छपराखाली सापडत. इतकी सरळ व्यवस्था फार काळ चालू देणे कुणालाच परवडणारे नव्हते. २०१८ च्या सुमारास महाविद्यालयांतल्या पदविकेच्या जागा पदवीत बदलायला मुभा मिळाली आणि सीपीएसच्या बहुतेक अभ्यासक्रमांची केंद्रीय मान्यता गेली. हेतू स्वच्छ होता. एमडी झालेला शिकवायला पात्र ठरतो, शिक्षक मिळाले की नवी महाविद्यालये काढता येतात, महाविद्यालये निघाली की एमबीबीएसच्या जागा वाढतात, आणि जागा वाढल्या की अभ्यासिका भरतात. तालुक्यात बाळंतपणे कोण करणार, हा विषय त्या फाइलीवर नव्हता. पुढे २०२० मध्ये राष्ट्रीय परीक्षा मंडळामार्फत दोन वर्षांच्या पदविका नव्याने जाहीर झाल्या. एकदा मोडायचे, मग तेच मांडायचे. असे केल्याने प्रशासनाला कामाची कधी वाण पडत नाही.

परीक्षेच्या तारखांचीही दखल घ्यावी लागेल, कारण धीर हा गुण पुस्तकातून येत नाही. २०२१ ची परीक्षा एप्रिलमध्ये व्हायची होती. कोविडमुळे ती सप्टेंबरला गेली, मग आरक्षणाच्या निकषाचे प्रकरण न्यायालयात उभे राहिले, आणि प्रवेशफेरी सुरू व्हायला २०२२ चा जानेवारी उजाडला. त्या काळात रुग्णालयांत निवासी डॉक्टरांची पहिल्या वर्षाची तुकडीच आली नाही. तीन तुकड्यांचे काम दोन तुकड्यांनी, ओमायक्रॉनच्या तोंडावर ओढले. २०२४ ची परीक्षा आधी ३ मार्चला, मग ७ जुलैला, मग अलीकडे ओढून २३ जूनला. २२ जूनच्या रात्री, काही तास उरले असताना, ती पुढे ढकलल्याचे कळले. परगावच्या केंद्रासाठी निघालेल्यांनी ही बातमी लॉजच्या खोलीत किंवा रेल्वेच्या बर्थवर मोबाइलमध्ये वाचली. शेवटी ती ११ ऑगस्टला झाली, दोन सत्रांत. पुढच्या वर्षीची १५ जूनला दोन सत्रांत ठरली होती. सर्वोच्च न्यायालयाने एकाच सत्रात घ्या म्हटल्यावर ३ ऑगस्टला गेली. या शिक्षणातून गेलेला डॉक्टर उद्या रुग्णाला ‘पुढच्या आठवड्यात या’ म्हणताना मुळीच अडखळणार नाही.

जागा थोड्या आणि उमेदवार अमाप, अशा स्थितीत जागा रिकाम्या ठेवून दाखवणे सोपे नव्हे. आपण तेही साधले. २०२१ च्या परीक्षेनंतर प्रवेशाच्या सगळ्या फेऱ्या होऊन १,४५६ जागा उरल्या. त्या भरण्यासाठी आणखी एक फेरी घ्या, म्हणून डॉक्टर सर्वोच्च न्यायालयात गेले. जून २०२२ मध्ये ती मागणी फेटाळली गेली. वैद्यकीय शिक्षणाच्या गुणवत्तेशी तडजोड होऊ शकत नाही, हे कारण. त्यानंतर पंधरा महिन्यांनी, सप्टेंबर २०२३ मध्ये, केंद्राने त्या वर्षीच्या प्रवेशांसाठी पात्रतेची अट सर्व प्रवर्गांना शून्य पर्सेंटाइलवर आणली. बरोबर उत्तराला चार गुण, चुकीला वजा एक. शून्य पर्सेंटाइल म्हणजे यादीत सगळ्यात शेवटी असलेला, वजा गुण मिळवलेला उमेदवारही पात्र. गुणवत्तेचा आग्रह किती समजूतदार असू शकतो, हे त्या पंधरा महिन्यांनी दाखवले.

उरतात त्या जागाही पाहण्यासारख्या असतात. ॲनॉटॉमी, बायोकेमिस्ट्री, फिजिऑलॉजी, जिथे पेशंटचा संबंध येत नाही. आणि खासगी महाविद्यालयांतल्या अशा, जिथे फीचा आकडा वाचताना अंक दोनदा मोजावे लागतात. शिक्षकाच्या किंवा शेतकऱ्याच्या घरातली, चांगली रँक असलेली मुलगी फेरीच्या पडद्यावर तो आकडा बघते, लॅपटॉप मिटते आणि पुढच्या वर्षीच्या अभ्यासाला लागते. ज्याच्याकडे आकडा भरायची ऐपत आहे पण गुण नाहीत, त्याची सोय शून्य पर्सेंटाइलने केली. संधीची समानता कुठल्या टोकापासून सुरू करायची, हा ज्याच्या त्याच्या दृष्टिकोनाचा प्रश्न आहे.

सरकारी महाविद्यालयात शिकलेल्याने एमबीबीएसनंतर वर्षभर शासकीय सेवा करावी, नाही तर १० लाख रुपये भरावेत, असे बंधपत्र महाराष्ट्रात चालत आले. यात एका गावाच्या एका वर्षाच्या आरोग्याची किंमत प्रथमच रुपयांत ठरली, ही मोठी सोय झाली. ज्याच्या वडिलांकडे दहा लाख होते, त्याचे वर्ष वाचले आणि गावाचे गेले. जो प्रामाणिकपणे जातो, त्याला प्राथमिक आरोग्य केंद्रात गळके क्वार्टर, शवविच्छेदनापासून यात्रेच्या बंदोबस्तापर्यंतची ड्यूटी, आणि रात्री उशाला पीजीचे तेच प्रश्न. गावाला त्याचे नाव पाठ होते न होते तोच ऑर्डर संपते. तरीही कुठे उणे वाटलेच तर २०१४ मध्ये राज्याने कायदा बदलून ठेवला आहे: होमिओपॅथीच्या डॉक्टरने औषधशास्त्राचा वर्षभराचा अभ्यासक्रम केला की त्याने ॲलोपॅथीची औषधे लिहावीत. ज्याने ती औषधे साडेपाच वर्षे शिकली, तो अभ्यासिकेत त्यांच्यावरचे प्रश्न सोडवतो आहे. श्रमविभागणी म्हणतात ती हीच.

अधूनमधून या व्यवस्थेवर ताण येतो. २०२३ चा सप्टेंबर संपता संपता नांदेडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात चोवीस तासांत २४ रुग्ण दगावले. मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. त्याच्या आधीच एक तातडीची उपाययोजना झाली होती: एका खासदार महोदयांनी अधिष्ठात्यांच्या हाती झाडू देऊन रुग्णालयातले शौचालय साफ करून घेतले, आणि ती चित्रफीत राज्यभर पाहिली गेली. डॉक्टरांची पदे भरायला मागणीपत्र, जाहिरात, मुलाखत, आदेश असे सोपस्कार लागतात. झाडू लगेच मिळतो.

त्या चोवीस जणांत १२ नवजात बाळे होती. त्यांच्याबद्दल कौतुकाच्या सुरात पुढे लिहिणे आम्हाला जमत नाही, तेव्हा उरलेले सरळच लिहितो.

रिकामी खुर्ची आणि अभ्यासिकेतला डॉक्टर हे दोन प्रश्न नाहीत. एकच प्रश्न दोन खात्यांच्या दोन फाइलींत ठेवलेला आहे, वैद्यकीय शिक्षणाच्या आणि सार्वजनिक आरोग्याच्या. जिल्हा आणि उपजिल्हा रुग्णालयांत खाटा आहेत, रुग्ण तर ओसंडून आहेत, हात धरून शिकवू शकतील असे ज्येष्ठ डॉक्टर अजून आहेत. पीजीच्या विद्यार्थ्यांनी तीन महिने जिल्हा रुग्णालयात काम करावे, हे आता बंधनकारक आहे. म्हणजे तिथे शिकता येते हे मान्य झालेले आहे. मग स्त्रीरोग, बालरोग, भूल आणि कुटुंबवैद्यक यांच्या दोन वर्षांच्या पदविका तिथे सरकारी फीत, भरघोस जागांनी चालवायला अडचण कसली? परीक्षेची तारीख एकदा जाहीर झाली की ती पाळली जावी. अकरा-अकरा महिन्यांच्या कंत्राटी आदेशांवर डॉक्टर झुलवत ठेवू नयेत. आणि संसदेत सांगायचा आकडा रोज पेशंट तपासणाऱ्यांचा असावा, नोंदवहीतल्या नावांचा नको. यातले एकही काम न होण्यासारखे नाही.

वाचकांकडे एवढीच मागणी. तुमच्या तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात एकदा काही आजार नसताना जा. व्हरांड्यातल्या फलकासमोर उभे राहा आणि रिक्तच्या रकान्यातले आकडे कागदावर उतरवून घ्या. निवडणुकीत मत मागायला दारात येईल त्याच्यापुढे, पक्ष कुठलाही असो, तो कागद धरा आणि भुलीचा डॉक्टर कधी रुजू होणार ते विचारा. ‘लवकरच’ हे उत्तर घेऊ नका. तारीख मागा आणि त्याच्यादेखत लिहून घ्या.